चादरीचं एक टोक

पालघरच्या एका प्रसूतिगृहात स्तनपान सप्ताहाचं उद्घाटन होतं. फलकावर पाहुण्यांचा चेहरा बाळापेक्षा बराच मोठा छापला होता. आत वॉर्डात माझा नातू काल जन्मल्यापासून अंगावर प्यायला तयार नव्हता. नर्सबाई माझ्या मुलीला पुन्हा पुन्हा समजावत होत्या, बाळाला पोटाशी घे, त्यानं तोंड मोठं उघडेपर्यंत थांब. मुलगी रडकुंडीला आली होती. माझ्या पिशवीत दुधाच्या पावडरचा डबा तयार होता.

शेजारच्या खाटेपाशी शिरगावची एक कोळीण सुनेच्या उशाशी बसली होती. सकाळपासून ती नातीचं टोपरं सारखं करत होती.

शेवटी आमचं बाळ प्यायला लागलं आणि नेमके तेव्हाच पाहुणे, हार आणि कॅमेरा दाराशी आले. कोळीण उठली, खाटेवरची चादर दोन्ही हातांनी पसरून दारात उभी राहिली.

"मावशी, बाजूला व्हा. साहेब आलेत," पाहुण्यांपुढचा एक आयोजक म्हणाला.

"पोर आता कुठं जेवायला बसलंय. सायबांना सांग, थांबा जरा."

"अहो, कार्यक्रमच स्तनपानाचा आहे."

"मंग? तोच चालू हाय आत."

साहेब हार घालून थांबले. आत बाळाच्या गिळण्याचा आवाज येत होता. कोळिणीचे हात भरून आलेले दिसत होते, पण चादर खाली आली नाही.

उद्घाटनांत मी आजवर मागच्या रांगेतच बसत आले. त्या दिवशी उठले आणि ताठ मानेनं चादरीचं एक टोक धरलं.