एसीचा लिलाव

सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला ऑपरेशन थिएटरात काय काम देणार? माझ्याकडे एसीचा रिमोट असतो. डॉक्टरांचे हात धुऊन, हातमोजे चढवून झालेले, त्यांना रिमोटला शिवता येत नाही.

मी नांदेडकडचा. वसईत आलो तेव्हा ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. पाचूबंदरच्या एका मासेवाल्या आजीने घरामागची खोली दिली, ताप आला तेव्हा उशाशी बसून पेज पाजली. ती माशांचा लिलाव चालतो त्या धक्क्यावर घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि आमच्याच टेबलावर आली.

कमरेखाली भूल दिली की शरीराला स्वतःची ऊब धरता येत नाही, असं भुलीच्या मॅडमनी सांगितलं होतं. पेशंट थंड पडला तर रक्त लवकर थांबत नाही. म्हणून आजीच्या छातीवर कागदासारखी रजई, तिला नळी आणि नळीतून गरम हवा. रजई टम्म फुगली होती.

"मामा, अठरा करा. हे एक्स-रेसाठीचं शिशाचं जॅकेट घालून मी शिजतोय," सर्जनसाहेब म्हणाले.

"मामा, चोवीस. आजींचं टेंपरेचर घसरतंय," मॅडम म्हणाल्या.

मी अठरा केलं, चोवीस केलं, पुन्हा अठरा केलं. दोघांपैकी कोणाला नाही म्हणायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

हिरव्या पडद्याच्या अलीकडून आजी बोलली, "पोरा, हे फुगलेलं काय घातलंस? काढ. जन्म गेला बर्फात हात घालून, मला कसली थंडी?" तिचे दात असे वाजत होते की 'थंडी' तीन तुकड्यांत बाहेर आली.

मॅडमनी रजई दाबून धरली.

"अठरा कोन बोलला?" आजीने विचारलं.

"मी," पडद्यापलीकडून साहेब.

"पयल्या बोलीला माल कोन सोडतो, साहेब? वर या."

"आजी, घाम डोळ्यात जातोय माझ्या."

"मग बोला ना."

साहेबांची हाडावरची हातोडी थांबली. "एकोणीस."

"मॅडम, तुमी जरा खाली या."

"तेवीस," मॅडम म्हणाल्या, आणि बोलून गेल्यावर स्वतःच दचकल्या.

"एकवीस. याच्या वर साहेब मरंल, खाली मी मरन. पोरा, लाव एकवीस."

मी लावलं. एक सिस्टर साहेबांचं कपाळ पुसायला उभी राहिली, मॅडमनी आजीचं डोकंही गुंडाळलं. मी मॉनिटरवरच्या टेंपरेचरच्या आकड्याकडे बघत राहिलो. बराच वेळ तो हललाच नाही. मग थोडा वर सरकला, आणखी थोडा, आणि दातांचा आवाज बंद झाला.

ऑपरेशन झाल्यावर बाहेरच्या खोलीत आजीने रजई ढकलली. "काढ रे, घाम फुटला. पंखा लाव."

मॅडमनी थर्मामीटर पाहिला आणि आता चालेल म्हणाल्या. पंखा तिथे नव्हता. मी तिच्याच एक्स-रेचं पाकीट घेतलं आणि वारा घालू लागलो.

"जरा जोरात," ती म्हणाली.