रिकामा डबा

आमच्या नवीन पनवेलच्या ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत, प्रोग्राम पडले की आपोआप साठतात. आम्ही वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर करतो, सी भाषेत. मुख्य प्रोग्राम आपल्या पोटच्या छोट्या प्रोग्रामांना कामाला लावतो. एकाने वजन वाचायचं, दुसऱ्याने पावती छापायची, आणि संपताना प्रत्येकाने एक आकडा मागे ठेवायचा. शून्य म्हणजे सगळं ठीक.

माझं नुकतंच लग्न झालंय. घरी मीही शून्यच देते.

*

फरहान नवीन होता तेव्हा पावतीचा प्रोग्राम पडला आणि स्क्रीनवर २५६ आलं. पठ्ठ्या सकाळभर दोनशे छप्पन नंबरचा एरर शोधत बसला. आमच्या टीमच्या प्रमुख देशमुख मॅडम चहा घेऊन मागे उभ्या राहिल्या. "अरे, हा प्रोग्रामचा आकडा नाही, सिस्टिमने तो ज्यात घालून दिला ते बंद पाकीट आहे. आधी उघड तरी." उघडलं तर आत नुसता एक.

"एकासाठी सकाळ घालवलीस?"

"मॅडम, पाकीट केवढं मोठं होतं."

*

एकदा प्रिंटरमध्ये कागदच नव्हता. प्रोग्रामने तसं स्क्रीनवर लिहिलं आणि शून्य देऊन निघून गेला. काट्यावर ट्रकवाला पावतीसाठी खोळंबलेला, आमच्याकडे सगळं हिरवंगार.

"कुणी लिहिलाय हा?" मॅडमनी विचारलं. मी हात वर केला.

"तरीच. कागद संपला तरी ठीकच सांगणार."

*

मग तो मेमरी संपल्याचा किस्सा. सिस्टिमने प्रोग्राम मध्येच मारला, तरी आमच्या कोडने वाचलं शून्य.

"मेलेला ठीक कसा?" फरहान.

"मेलेला आकडा ठेवतच नाही," मॅडम म्हणाल्या. " रिकाम्या जागेत हात घातलास तर शून्यच लागणार. आधी विचारायचं, स्वतःहून संपला की मारला गेला? आकडा नंतर."

*

आता डब्याचं. सासूबाई उरणच्या कोळीवाड्यातल्या. माझ्या माहेरी, आपटा गावात, मासा कधी शिजला नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "मावरं खातेस नं?" मी मान हलवली. तेव्हापासून त्या पहाटे उठून डबा भरतात. कधी बोंबील, कधी मांदेली. तो फरहान खातो, मी बिस्किटं. घरी डबा रिकामा जातो.

"कसा होता?"

"छान."

त्यांचा चेहरा असा उजळतो की खरं सांगायचं राहूनच जातं. रात्री भात-कढीवर निभावते.

परवा डबा घासता घासता त्या माझ्या मनगटाकडे बघत राहिल्या. "डबा रोज लख्ख येतो," म्हणाल्या, "आन तुजा चुडा कोपरापर्यंत जातो."

"ठीक आहे हो, आई."

त्यांनी डबा धुऊन पालथा घातला.

काल सकाळी ओट्यावर दोन डबे होते. मोठ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "ह्यो त्या जेवणाऱ्याचा. त्याला सांग, काटं संबाळून खा." मग छोटा माझ्या पिशवीत सरकवला. "ह्यो तुजा."

दुपारी उघडला. तोंडलीची भाजी, पोळ्या, कोपऱ्यात लिंबाचं लोणचं.

"त्यांना कुणी सांगितलं?" फरहानने विचारलं.

मी मनगटावरचा चुडा हलवून दाखवला. तोंडात घास होता.