सलामीच्या चाळीस पावले अलीकडे

दिनांक २६ जानेवारी १९८८, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. धुळ्यात थंडी होती. माजी सैनिकांच्या तुकडीतील तेहतीस माणसे शाळेच्या मैदानावर माझ्यासमोर उभी होती. मी निवृत्त सुभेदार. तुकडी माझ्या हाताखाली होती. त्या वर्षी लष्कराची एक पलटण आणि तिचा बँड शहरात आल्यामुळे संचलन मोठे होणार होते. आमची माणसे लष्कराच्या पाठोपाठ चालणार होती. लष्करासमोर आमची रांग वाकडी दिसता कामा नये, एवढीच मला काळजी होती.

तिसऱ्या रांगेत, उजव्या टोकाला आबा होते. शहर त्यांना आबाच म्हणे. पंधरा वर्षे फौजेत आणि तेवीस वर्षे पोलिसांत काढून ते आदल्या पावसाळ्यात हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. त्या तेवीस वर्षांपैकी बहुतेक वर्षे ते बाजारातल्या मोठ्या चौकात उभे राहिले. दर प्रजासत्ताक दिनी संचलन त्यांच्या पाठीमागून गेले. बंदोबस्तावरच्या पोलिसाने तोंड गर्दीकडे ठेवायचे असते. संचलन त्यांनी केवळ कानांनी ऐकले होते. छातीवर दोन पदके असलेला माणूस, पण पोलिसाच्या कामामुळे ती लावून सलामी देण्याची संधी एकदाही मिळाली नव्हती.

निवृत्त झाल्यावर ते माझ्याकडे आले आणि तुकडीत घ्या म्हणाले. मी त्यांना चालून दाखवायला सांगितले. डावा गुडघा आखडला होता. सहा आठवडे ते रोज पहाटे सरावाला आले आणि गुडघा ताळ्यावर आणला. मी त्यांना एकदाही शाबासकी दिली नाही. तशी माझी पद्धत नव्हती.

त्यांची मुलगी सावद्याला दिली होती. केळीचा हंगाम टाकून ती नवऱ्यासह दोन एस.टी. बदलून आली होती आणि सलामीच्या मंचाजवळ बसली होती. सकाळी आबांनीच मला हे सांगितले. एवढेच बोलले आणि पट्टा नीट करू लागले.

आठ वाजता आम्ही निघालो. पुढे बँड, मग पलटण, मग आम्ही, आमच्या मागे गृहरक्षक. चौक जवळ येताच दुतर्फा लोक हसू लागले. आबांना रस्त्याच्या मधोमध चालताना पाहून चहावाला बाकावर चढून ओरडला, “आबा, तुम्ही आज मधमा काब्र? गाड्या कोन रोकी?” कोणी म्हणाले, मान वळवू नका आबा, सुभेदार पेन्शन कापतील. आबांनी मान वळवली नाही. मी पाहत होतो.

चौकात आबांची एक रीत होती. वरात असो, मिरवणूक असो वा मंत्र्यांचा ताफा, सरकारी दवाखान्याकडे जाणारी गल्ली ते एकदा तरी उघडत. दोन तुकड्यांच्या मधे हात आडवा धरून अडकलेली माणसे पलीकडे काढत. वरिष्ठांनी यासाठी त्यांना दोनदा लेखी समज दिल्याचे मला ठाऊक होते. त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी एक टांगा अडला होता. आत कोणी बाई आडवी होती आणि दुसरी तिचे डोके धरून बसली होती. चौकातला नवा शिपाई संचलन तोडायला धजत नव्हता.

आबा रांगेतून बाहेर पडले. आमची तुकडी पुढे जाऊ दिली, मागच्या गृहरक्षकांसमोर हात उभारला, टांगा पार केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांवरून मला कळले. वळून पाहिले तेव्हा तिसऱ्या रांगेचे उजवे टोक रिकामे होते.

ते धावत आले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, जड बूट, दुखरा गुडघा. मंच चाळीस पावलांवर राहिला होता. ते माझ्या बाजूला आले, चालता चालताच पाऊल जुळवले आणि नियमाप्रमाणे परवानगी मागितली.

“साहेब, आत येऊ?”

जागा रिकामीच होती. पाऊल जुळलेले होते. त्यांना आत घेतले असते तर मंचावरच्या कोणाला काही कळलेही नसते. पण रांग सोडणाऱ्याला सलामीपूर्वी परत घ्यायचे नाही, हे मी अठरा वर्षांच्या रंगरुटांना शिकवत आलो होतो.

“नाही,” मी म्हणालो.

ते तिथेच थांबले. मी ‘दाहिने देख’चा हुकूम दिला. आम्ही एका रिकाम्या जागेसह सलामी दिली. परतताना पाहिले, आबा चौकात त्या नव्या शिपायाशेजारी उभे होते. तोंड गर्दीकडे, पाठ संचलनाकडे.

संचलन संपल्यावर त्यांची मुलगी मंचाजवळून उठून माझ्याकडे आली. आबा दिसले नाहीत, कोणत्या रांगेत होते, असे तिने विचारले. दवाखान्याची वाट मोकळी करायला थांबले, असे मी सांगितले. ते खरे होते. उरलेले मी सांगितले नाही. ती म्हणाली, “ते तर रोजनंच शे.” आणि हसली. पदर मात्र तिने डोळ्यांना लावला.

पुढच्या संचलनापर्यंत आबा राहिले नाहीत. दिवाळीच्या आधी हृदयविकाराने गेले. कोणी न सांगता चौकातली दुकाने बंद झाली. मी स्मशानात गेलो होतो. तिथे त्यांच्या पत्नीने मला सांगितले की त्या दिवसानंतर घरात संचलनाचा विषय त्यांनी काढला नाही आणि माझ्याबद्दल वावगा शब्द उच्चारला नाही. उच्चारला असता तर बरे झाले असते. टांग्यातल्या बाईचे काय झाले, हे मी कधीच विचारले नाही. विचारण्याचा अधिकार मला नव्हता.

नियम चुकीचा होता, असे मी आजही म्हणणार नाही. तो त्या माणसाला लावला, हे चुकले. हे त्याच दिवशी, सव्वीस तारखेच्या दुपारीच मला समजले होते. त्यांचे घर माझ्या घरापासून दहा मिनिटांवर होते. मी गेलो नाही.

त्याच संध्याकाळी मी तुकडीचा हजेरीचा कागद पुरा केला. बत्तीस नावांपुढे ‘हजर’ लिहिले. आबांच्या नावापुढे ‘रांग सोडली’ असे लिहून सही केली. सुट्टीमुळे माजी सैनिकांची कचेरी बंद होती. कागदाची घडी घातली आणि दाराखालच्या फटीतून आत सरकवली.