चार जुलैचं गवत

शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलच्या घरी चार जुलैला गॅरेजमध्ये कढई तापायची. इथल्या घरांत तळणाचा वास एकदा कार्पेटमध्ये शिरला की दिवाळीपर्यंत मुक्काम करतो, म्हणून आम्ही मंडळी तळण गॅरेजमध्येच काढतो. दार अर्धं वर, आत गॅसची शेगडी, तिच्यावर माझी लोखंडी कढई, आणि भोवती बिअरचे कॅन घेऊन उभे असलेले निवृत्त इंजिनियर. एकेक पुरी फुगली की ते अशी दाद द्यायचे की जणू पूल बांधून झाला. आत टेबलावर श्रीखंड. बाकीची अमेरिका त्या दिवशी हॉट डॉग भाजते, आम्ही श्रीखंड-पुरी खाऊन तिचा वाढदिवस करायचो. मुलं मोठी होऊन आपापल्या गावी गेली, तरी हा बेत हलला नव्हता.

फेब्रुवारीत ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसताना नवऱ्याच्या छातीत कळ आली. हॉस्पिटल झालं, स्टेंट झाले, तो घरी आला. पथ्य त्याने कुरकुरत का होईना, पाळलं. बिघडलं ते एका मित्राच्या वाढदिवसाला. सगळ्यांसाठी छोले-भटुरे, आणि याच्यासाठी वेगळी प्लेट: उकडलेली ब्रोकोली, वर प्लास्टिकचं आवरण, आवरणावर चिकटपट्टीने लावलेलं त्याचं नाव. यजमानीणबाईंनी ती प्रेमाने केली होती, यात शंका नाही. चारचौघांतून ती प्लेट त्याच्यापर्यंत आली तेव्हा जो तो बाजूला सरून तिला वाट देत होता. घरी आल्यावर तो गाडीतून उतरेचना. गॅरेजचं दार बंद झालं, दिवा आपोआप विझला, तरी तसाच बसून.

"मला आता जेवायला कुठे नेऊ नकोस," तो म्हणाला.

आणि खरंच, त्यानंतर तो कुठे गेला नाही. ज्या माणसाला इथल्या महाराष्ट्र मंडळात गप्पांचा राजा म्हणायचे, तो मित्रांचे फोन मला उचलायला सांगू लागला. चार जुलैचा विषय निघाला तेव्हा म्हणाला, तू बोलाव सगळ्यांना, मी वरच्या खोलीत मॅच बघीन. मला राग आला, रडूही आलं. हृदय दुरुस्त करून आणलं होतं, पण त्यातला माणूस कुणी परत दिला नव्हता.

त्याच दिवशी मी ठरवलं की तो खाली बसून सगळ्यांबरोबर जेवेल. त्यासाठी दोन गोष्टी. एक, वेगळं ताट नाही. जे त्याला चालतं तेच सगळ्यांना. दुसरी गोष्ट जास्त अवघड होती. टेबलावर त्याने काहीही उचललं तरी मी एक शब्द बोलणार नाही. बायकोने चारचौघांत "अरे, ते नको" म्हटलं की त्याच्या ताटावर नावाची पट्टी लागलीच.

आता सगळ्यांना चालेल आणि पथ्याचं वाटणार नाही असं खायला घालायचं काय? हॉस्पिटलमधल्या आहारतज्ज्ञ बाईंनी भूमध्य समुद्राकाठच्या जेवणाचं नाव घेतलं होतं. त्यावर नवरा म्हणाला होता, "समुद्राचं नाव सांगून गवत खायला घालणार तुम्ही लोक मला." पण आमच्या कुंपणापलीकडे तो समुद्र पाहिलेली बाई राहते हे माझ्या लक्षात आलं. ग्रीक, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, मनातल्या मनात मी तिला मावशी म्हणते. इतकी वर्षं आमचं संभाषण हवामान आणि टोमॅटो यांपलीकडे गेलं नव्हतं. जूनमध्ये मी कुंपणाशी जाऊन सरळ विचारलं, मला तुमचं उन्हाळ्यातलं जेवण शिकवाल का?

तिचं शिकवणं म्हणजे माझा हात धरून ठेवणं होतं. मी काकडी कोचवायला घेतली की ती सुरी काढून घ्यायची. टोमॅटोच्या मोठमोठ्या फोडी, काकडीच्या जाड चकत्या, कांदा, काळे ऑलिव्ह, वर फेटा चीजची अख्खी वडी, चुरायची नाही, ज्याने त्याने आपली मोडून घ्यायची. वडी आधी पाण्यात ठेवून खारटपणा कमी करायचा, हे तिने माझ्या नवऱ्याचं दुखणं ऐकून मुद्दाम सांगितलं. ओरेगानो तळव्यावर चोळला तेव्हा मला चक्क ओव्याचा वास आला. दुसऱ्या पदार्थात तिने शिजवलेली चवळी आणि शेपू एकत्र केले, वर लिंबू पिळलं, कच्चं ऑलिव्ह तेल ओतलं, आणि मला वाटलं, या बाईचं माहेर आमच्या शेजारच्या आळीतलं असणार. फक्त दर पदार्थाला माझा हात कशासाठी तरी शिवशिवायचा. हिंग-मोहरीची फोडणी, मूठभर दाण्याचं कूट, निदान चिमूटभर साखर. ती म्हणायची, चांगला टोमॅटो घे, चांगलं तेल घे, आणि मग बाजूला हो.

बाजूला होणं मला कुणी शिकवलंच नव्हतं. माझा स्वतःवर विश्वास नाही, म्हणून तीन तारखेला मी मसाल्याचा डबा गाडीच्या डिकीत ठेवला. कढई मात्र डिकीत राहिली तरी मित्र शोधून काढतील अशी खात्री होती, म्हणून ती धुऊनपुसून कुंपणावरून मावशीला दिली आणि म्हटलं, ही तुमच्याकडे ठेवा. ती एवढी खूश का झाली ते तेव्हा कळलं नाही. मी तिलाही जेवायला बोलावलं.

राहिली त्झात्झिकी. नाव जिभेला अडतं, पण दह्यातली काकडीची कोशिंबीरच ती, लसूण आणि शेपू घातलेली. दही मात्र घट्ट हवं. दुकानात ज्याला ग्रीक योगर्ट म्हणून विकतात तो आपला चक्काच, मग विकत कशाला आणायचा? मी घरचं कमी सायीचं दही लावून रात्रभर फडक्यात टांगलं. सकाळी चक्का असा सुरेख उतरला की मी नवऱ्याला दाखवायला वर घेऊन गेले. तो बघून म्हणाला, छान आहे, आणि पुन्हा टीव्हीकडे वळला.

चक्का ओट्यावर ठेवून मी शेपू आणि पुदिना आणायला मावशीच्या परसात गेले. ती बोलत राहिली, मी ऐकत राहिले. परत येते तर स्वयंपाकघरात आमच्या वहिनी. वहिनी म्हणजे नवऱ्याच्या सगळ्यात जुन्या मित्राची बायको. मित्र डॉक्टर आहे, निवृत्त झालाय, आणि ही दोघं मदतीला नेहमी लवकर येतात. वहिनींच्या हातात रवी होती, कपाळावर घाम होता, चेहऱ्यावर समाधान होतं.

"अगं, चक्का तसाच टाकून कुठे गेलीस? मी साखर घालून फेटून टाकला," त्या म्हणाल्या. "वेलची-केशर माझ्या पर्समध्ये होतंच. तुझं एक काम कमी केलं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण बोलणार काय? चार जुलै, आमचं घर आणि ओट्यावर टांगून काढलेला चक्का. जगातल्या कुठल्याही मराठी बाईने दुसरं काय केलं असतं? मीही तेच केलं असतं. वासावरून नवरा जिना उतरून खाली आला. किती दिवसांनी स्वतःहून खाली आला. दारात उभा राहून तो त्या पिवळसर भांड्याकडे बघत राहिला.

अन्न टाकवत नाही, आणि लपवलं असतं तर तो पुन्हा पेशंट झालाच असता. मी श्रीखंड टेबलावर मधोमध मांडलं. मग कुंपणाशी जाऊन मावशीला हाक मारली, माझ्या दह्याची गोड मिठाई झालीय, थोडं योगर्ट आहे का? तिने फ्रीजमधून दुकानातलाच मोठा डबा काढून दिला. म्हणाली, मी कायम हाच वापरते, फडकं-बिडकं माझ्या आईबरोबर गेलं. मी सुडाने काकडी किसली.

दुपारी सगळे जमले. डॉक्टर आधी गॅरेजमध्ये डोकावून आला आणि मला म्हणाला, वहिनी, शेगडी थंड कशी? मी सांगितलं, यंदा बेत वेगळा आहे. मागच्या अंगणात टेबल लावलं होतं. कुणीतरी लांबवर दिवसाउजेडीच फटाके लावत होतं. नवरा खाली थांबला होता, पण खुर्ची टेबलापासून हातभर मागे ओढून, पाहुण्यासारखा.

तेवढ्यात कुंपणाचं फाटक उघडलं आणि मावशी माझी कढई घेऊन आत आली. पुरुषमंडळींत एकदम चैतन्य पसरलं. "आली, कढई आली," म्हणत डॉक्टर तिच्या हातातली घ्यायला धावला, आणि आत बघून जागच्या जागी थांबला. आत कलिंगडाच्या फोडी होत्या, वर फेटा आणि पुदिना. मी कढई भेट दिली असं समजून बिचारीने तिला ग्रीसला नेऊन आणलं होतं. नवरा हसला. तोंडभर, मान मागे टाकून, फेब्रुवारीच्या आधी हसायचा तसा. आणि हसता हसता त्याने खुर्ची पुढे ओढली.

जेवण सुरू झालं. पहिल्यांदा सगळे जरा जपून वाढून घेत होते, मग चवळीचा वाडगा दुसऱ्यांदा फिरला. ग्रिलवर भाजलेली वांगी आणि पिटाच्या रोट्या संपत आल्या. वहिनी त्झात्झिकी चाखून म्हणाल्या, यात साखर राहिली का गं? मी म्हटलं, तुमच्या भांड्यात गेली. नवऱ्याने सगळं घेतलं, सगळ्यांसारखंच, आणि कुणी त्याच्या ताटाकडे बघत नव्हतं. मला वाटलं, जमलं.

मग डॉक्टर श्रीखंडाचं भांडं आणि डाव घेऊन उठला. स्वतः डॉक्टर, पण वाढायला लागला की त्याच्यातला मराठी माणूस डिग्री बाजूला ठेवतो. एकेकाला वाढत तो नवऱ्यापाशी आला. "सणाच्या दिवशी एवढंसं चालतं रे," तो म्हणाला. "मी सांगतोय ना, डॉक्टर आहे मी."

माझ्या जिभेच्या टोकावर शब्द आला होता. मी तो गिळला. मावशीचं वाक्य आठवून मी शब्दशः बाजूला झाले, ग्रिलपाशी गेले आणि विझलेल्या कोळशांकडे बघत उभी राहिले. त्याने खाल्लं असतं तर एक डाव श्रीखंडाने आकाश कोसळलं नसतं. पण तो निर्णय त्याचा असायला हवा होता, माझा नाही आणि त्या डावाचा तर नाहीच.

नवऱ्याने ताटावर हात आडवा धरला.

आपल्याकडे आडव्या हाताला कोण विचारतं? तो हात म्हणजे आणखी आग्रह करा असं सांगायची रीतच आहे. डॉक्टरने रीतीप्रमाणे डाव हातावरच उलटा केला. श्रीखंडाचा गोळा नवऱ्याच्या पालथ्या हातावर पडला, सगळे हसले, आणि आता हा तो चाटणार म्हणून वाट बघू लागले. बोटांमधून केशरी ओघळ निघाला.

तो उठला. अंगणातल्या नळाशी गेला, हात स्वच्छ धुतला, शर्टाला पुसला आणि परत येऊन बसला. घाई नाही, चेहरा पाडून नाही. डॉक्टर डाव हातात धरून तसाच उभा होता. नवऱ्याने त्याच्या पाठीवर थाप मारली, आपलं ताट उचललं आणि अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात मला हाक मारली.

"अगं, इकडे ये. गवत वाढ अजून."