आत्याबाईंचं साडेसात लाख किलोमीटरचं पाऊल

सूर्य आपल्यापासून पंधरा कोटी किलोमीटर लांब आहे, असं मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या साडीचे सुटे धागे कापत होत्या. त्यांची कात्री थांबलीसुद्धा नाही.

"कोटी मले समजत नाही," त्या म्हणाल्या. "पावलं सांग, पावलं."

नव्वदीच्या दशकातली ही गोष्ट. लग्न होऊन मी खानदेशातून सुरतेला, उधन्यात आले त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष करून मी शिक्षण सोडलं होतं आणि माहेराहून येताना कपड्यांच्या तळाशी कॉलेजची एक वही घालून आणली होती. तीत ग्रहांच्या अंतरांचा तक्ता होता. तो मला रेसिपीसारखा पाठ होता, पण उधन्यात त्याचा काही उपयोग नव्हता. आमचे हे लूमच्या कारखान्यात होते. तिथे कारखान्याला सगळे 'खातं' म्हणतात. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आत्याबाई म्हणायची. दिवसभर आम्ही दोघी साड्यांचे धागे कापायचो, टिकल्या चिकटवायचो, आणि बोलायला विषय उरला नाही की मी आभाळात शिरायची.

पावलं सांग म्हटल्यावर मला राहवेना. सुटीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी वही काढली. सूर्य कशाचा करायचा, इथूनच सुरुवात होती. कोपऱ्यात एक पिवळी साडी पडली होती. छपाई करताना तिच्यावर भलताच डाग पडला होता, त्यामुळे ती कुणी विकत घेणार नव्हतं. तिचा पन्हा होता चव्वेचाळीस इंच. पन्हाभर रुंद गोल कापला तर पृथ्वी केवढी होईल? मी गणित मांडलं, पुन्हा मांडलं, आणि डब्यातून एक काबुली हरभरा काढून आत्याबाईंच्या तळहातावर ठेवला.

"ही पृथ्वी."

"आणि सूर्य?"

मी साडीचा पन्हा दोन्ही हातांनी ताणून दाखवला. "एवढा. एका ओळीत एकशे नऊ हरभरे मावतील."

त्यांनी हरभऱ्याकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं. मग माझ्या हातातून साडी घेतली, मधोमध एक टिकली चिकटवली, तिला दोरा धरून खडूने गोल आखला आणि कात्रीने सरसर कापून टाकला. साडी कापायला मी घाबरत होते. त्या मुळीच घाबरल्या नाहीत. "बोल, पावलं किती?"

त्यांचं पाऊल मी दोरीने मोजलं होतं. बुटकं, पक्कं, दर वेळी तेवढंच. "दोनशे," मी म्हटलं. "तुमचं एक पाऊल म्हणजे साडेसात लाख किलोमीटर."

आत्याबाईंनी आपल्या पायांकडे असं काही पाहिलं, की मला हसू आवरेना. मग त्याही हसायला लागल्या. त्या रात्री झोपताना अंधारातून एकदा आवाज आला, "साडेसात लाख!" आणि आम्ही पुन्हा सुरू.

दुसऱ्या दिवशी विजेची सुटी, म्हणजे आमच्या भागातली सगळी खाती बंद. लूमचा खडखडाट थांबला की उधन्यात कानाला दडे बसल्यासारखं वाटायचं. हे रातपाळी करून सकाळी आले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. आम्ही पिवळा सूर्य ओट्यासमोरच्या वायरवर चिमट्यांनी टांगला. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती, त्यामुळे गल्लीतल्या पोरांना तो पतंगच वाटला. "सूर्य आहे, हात लावायचा नाही," आत्याबाईंनी दम दिला. पिशवीत ग्रह होते: मूग, तुरीचा दाणा, हरभरे, लिंबं, मोसंबं, एक सोललेला नारळ. लहान ग्रह साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यांवर टिकल्यांच्या डिंकाने चिकटवून खाली नावं लिहिली होती.

आत्याबाई विसांनी मोजायच्या. एक वीस, दोन विसा, तीन विसा. चार विसा होण्याच्या दोन पावलं आधी बुध आला, गल्लीच्या नळापाशी. पुढे शुक्र. बरोब्बर दहा विसा झाल्यावर त्या थांबल्या, नवसारी रोडच्या कडेला, एका बंद खात्याच्या फाटकासमोर. मी पृथ्वीचा पुठ्ठा विटेला टेकवून ठेवला. अर्ध्या पावलावर बाजरीचा दाणा. तो चंद्र.

मागे वळून पाहिलं तर गल्लीच्या तोंडातून पिवळा सूर्य दिसत होता. मी हात लांब करून करंगळीचं नख त्याच्यावर धरलं, तो झाकला गेला. मग आभाळातल्या सूर्याकडे न बघता नुसतं बोट तिकडे दाखवून मी म्हटलं, "आत्याबाई, तोही इथून एवढाच दिसतो. अगदी एवढाच." हे वहीत कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि ते कळल्याच्या आनंदात मी रस्त्यावर टाळ्या वाजवल्या.

"आणि उजेडाला सूर्यापासून इथवर यायला आठ मिनिटं लागतात. आपण दोन मिनिटांत आलो!"

"म्हणजे आपन उजेडापेक्षा जोरात चालनूत?"

"चौपट!"

आत्याबाईंनी पदर खोचला. मग त्या खाली वाकल्या आणि हरभऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. "आपन समदा याच्यावर?" त्यांनी विचारलं.

"समदे."

"उधना बी? आपलं गाव बी?"

"दोन्ही. सुईचं टोकही दोघांच्या मध्ये मावणार नाही."

वीस वर्षांपूर्वी नवऱ्यामागून, दोन मुलं घेऊन आत्याबाईंनी गाव सोडलं होतं. त्या गावाचं नाव निघालं की त्या नेहमी हातातलं काम बाजूला ठेवत. आता त्या उठल्या, गुडघे झटकले आणि खुशीत म्हणाल्या, "मंग मी गाव सोडं कथं?" खरंच, कुठे सोडलं होतं त्यांनी गाव?

मंगळानंतर चालणं संपेना. मोजून मोजून जीभ सुकली. हजाराच्या वर पावलं झाली तेव्हा गुरूची जागा आली ती नेमकी एका पिंपळाखाली, शेंदूर फासलेल्या मारुतीच्या शेजारी. आत्याबाईंनी नारळ ठेवला, हात जोडले, आणि आम्ही पुढे निघालो. नारळ मारुतीपुढे ठेवून जाण्याचा अर्थ बाकीचं जग काय लावेल, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

शनीने गोंधळ केला. मोसंब्याभोवती पुठ्ठ्याची गोल कडी बसवलेला तो ग्रह इतका देखणा झाला होता, की तो उघड्यावर ठेवायला माझं मन होईना. मोजणी जिथे संपली तिथे पानाची टपरी होती. मी टपरीवाल्याला म्हटलं, "भाई, जरा वेळ हा शनी इथे ठेवू का?"

त्याच्या हातातलं पान तसंच राहिलं. "शनि? ना ना बेन! मारी दुकाने शनि नहीं!"

मी त्याला समजावलं, की हा नुसता ग्रह आहे, मोसंबं आहे. तो म्हणाला मोसंबं असेल तर मोसंबं म्हणा, शनी का म्हणता? मग एक गिऱ्हाईक त्याच्या बाजूने बोलायला लागलं, दुसरं माझ्या बाजूने. शेवटी आत्याबाईंनी मोसंबं उचललं, दहा पावलं पुढे जाऊन विजेच्या खांबाच्या बुडाशी ठेवलं आणि हात झटकले.

"आत्याबाई, पंच्याहत्तर लाख किलोमीटर सरकवला तुम्ही शनी!"

"सरकू दे. त्याला बी मोकळं वाटीन."

टपरीवाला समाधानाने हसला आणि त्याने आम्हाला दोन बडीशेपेच्या पुड्या दिल्या.

पांडेसऱ्याच्या बाजूला गिरण्यांच्या चिमण्या सुरू झाल्या. कापड रंगवणाऱ्या मिलचं गटार त्या दिवशी जांभळं वाहत होतं. युरेनस म्हणून आम्ही एक लिंबू ठेवलं आणि तिथेच बसून दुसरं चोखलं. मग वहीत पाहिलं तर ते दुसरं नेपच्यून होतं. हसून हसून आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नेपच्यूनसाठी पुढे एका गाडीवाल्याकडून नवं लिंबू घेतलं. ते ठेवायला वाकले तोच मागून सायकलची घंटा ऐकू आली, थांबायचं नाव न घेणारी.

हे होते. केस विस्कटलेले, बनियनवर शर्ट उलटा घातलेला, घामाने निथळत आलेले. आणि तोंडाने काहीतरी चावत होते.

"तुम्ही दोघी काय करताय काय?" ते ओरडले. "जाग आली तर घरात कोणी नाही. वायरवर साडीचं ते पिवळं काय! पोरं म्हणतात सूर्य आहे. पुढे आलो तर पुठ्ठ्यावर तुझं अक्षर, पृथ्वी! पानवाल्याला विचारलं दोन बायका दिसल्या का, तर म्हणतो, शनि मुकीने आगळ गया! म्हणे शनी ठेवून पुढे गेल्या! लोक काय म्हणतील?"

"काय रे, झोप व्हयनी का?" आत्याबाईंनी शांतपणे विचारलं. "आणि तोंडात काय शे?"

"खोबरं. पिंपळाखाली एक काका नारळ फोडून प्रसाद वाटत होते. मलाही दिला." त्यांनी खिशातून दोन मोठे तुकडे काढले. "तुमच्यासाठी आणलाय."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आत्याबाईंकडे पाहिलं.

"अहो," मी कशीबशी म्हणाले, "तुम्ही गुरू खाताय."

त्यांना काही कळेना आणि आम्हाला सांगता येईना. आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला बसलोच. पोट धरून, पदर तोंडात कोंबून हसत होतो. हे सायकल धरून आधी रागाने, मग संशयाने पाहत राहिले. शेवटी मी सगळं सांगितलं, वही दाखवली, पावलाचं गणित मांडलं. लूमवर धाग्यांचा हिशेब डोक्यात ठेवणारा तो माणूस. त्याने आकडे दोनदा तपासले, ओठ हलवत. मग वही मिटून हे म्हणाले, "आता किती राहिले?"

"एकच. प्लूटो. अजून अठराशे-एकोणीसशे पावलं."

"बस आई मागे," ते म्हणाले. आत्याबाई बसल्या नाहीत, कारण मग मोजणार कोण? त्यांनी मोजलं, मी टिपलं, आणि यांनी उजव्या हाताच्या तळव्यावर मोहरीचा एक दाणा घेऊन, डाव्या हाताने सायकल ढकलत, प्लूटो भेस्तानपर्यंत नेला. इतक्या जपून मी त्यांना काहीच नेताना पाहिलं नव्हतं. मोजणी संपली, आत्याबाईंनी "बस!" म्हटलं, यांनी वाकून हात उघडला, आणि त्याच क्षणी त्यांना शिंक आली.

प्लूटो गेला.

आम्ही तिघंही गुडघ्यांवर बसून धूळ चाळायला लागलो. एक टेम्पोवाला थांबला. "शुं पडी गयुं? सोनुं?"

"प्लूटो," हे म्हणाले, वर न बघता.

टेम्पोवाल्याने दोन क्षण विचार केला, खाली उतरला आणि तोही शोधायला लागला. काय शोधायचं हे त्याने शेवटपर्यंत विचारलं नाही. शेवटी आत्याबाईंनीच सगळ्यांना उठवलं. "इथंच शे कुठेतरी. ज्याची जागा त्याले सापडनी, आपले काय करनं?"

मग आम्ही उधन्याच्या दिशेने पाहिलं. नुसत्या चिमण्या आणि धूर. आमचा सूर्य दिसण्याची शक्यताच नव्हती. एवढ्या रस्त्यावर आम्ही मूठभर दाणे, दोन लिंबं, एक मोसंबं आणि एक नारळ ठेवला होता. बाकी सगळं रिकामं. मला गरगरल्यासारखं झालं, पण छान गरगरणं, जत्रेतल्या पाळण्यात वर गेल्यावर होतं तसं. यांनाही काहीतरी होत असावं, कारण ते उलट्या शर्टाची बटणं शोधत उगाचच हसत होते.

"आता पुढचा तारा कुठे?" आत्याबाईंनी कमरेवर हात ठेवून विचारलं. त्यांची तयारी दिसत होती.

मी वहीचं शेवटचं पान काढलं, तिथेच उकिडवी बसून गुणाकार केला. यांनी तो पुन्हा केला. उत्तर तेच आलं. "आत्याबाई, सूर्याच्या सगळ्यात जवळचा दुसरा तारा इथून बत्तीस हजार किलोमीटरवर ठेवावा लागेल. खऱ्या पृथ्वीला पाऊण फेरी मारावी लागेल."

आत्याबाईंनी रस्त्याकडे पाहिलं, जणू अंदाज घेत. "आज नको माय," त्या म्हणाल्या. "आज मना गुडघा दुखतस."

परतताना आम्ही दोघी भरलेल्या रिक्षात कोंबून बसलो. हे सायकलवरून एका हाताने रिक्षाची दांडी धरून शेजारून येत होते, आणि दर थोड्या वेळाने आत वाकून मला काहीतरी विचारत होते: मंगळावर हवा आहे का? शनीची कडी कशाची? युरेनसला कुणी शोधलं? वर्षभरात आम्ही एवढं बोललो नव्हतो. आत्याबाईंच्या शेजारी एक गुजराती बाई भाजीची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. आत्याबाईंच्या धुळीने माखलेल्या पायांकडे बघून तिने कुठून आलात असं मायेने विचारलं, "मासी, क्यांथी आव्या?"

आत्याबाईंनी पाय आणखी थोडे पुढे केले, दिसतील असे.

"घणे दूरथी," त्या म्हणाल्या.