हसण्याचा परवाना

उमरगा तालुक्यात आपोआप लागलेल्या भांडणांपेक्षा आमच्या मुरूमच्या मामांनी लावलेली भांडणं नक्कीच जास्त भरतील. त्यात त्यांचा स्वार्थ कधीच नसतो. आपण चहात बिस्कीट बुडवावं तितक्या सहजपणे ते दोन शहाण्या माणसांची जुंपवून देतात आणि बाजूला बसून सुपारी कातरतात. एका लग्नात, पंगत बसत असताना, ते नवरदेवाच्या चुलत्याच्या कानाशी लागून एवढंच म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या जीपच्या ड्रायव्हरला फेटा बांधला, अन् तुमी बोडकंच?" बघता बघता पत्रावळी उधळल्या, खुर्च्या हवेत गेल्या आणि वरणाची पळी कुठूनशी येऊन खुद्द मामांच्या तोंडावर बसली. समोरचा दात गेला. रक्ताळलेलं तोंड उघडून मामा म्हणाले, "आता तरी वाढा की. चावायचं काम बी कमी झालंय!" मारामारी करणारेच हसत सुटले. चुलत्यांना फेटा बांधला गेला आणि पंगत पुन्हा बसली.

तो दात मामांनी कधी बसवला नाही. मुलानं परोपरीनं सांगून पाहिलं, पण "दात बसवला तर माझा हसायचा परवाना जाईल," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. भांडण लावणाऱ्यानं त्यावर खुशाल विनोद करावा, पण आधी त्यात त्याला स्वतःला लागलं पाहिजे, असा त्यांचा कायदा. एकदा त्यांच्या एका शब्दावरून बांधावर दोन भावांची डोकी फुटली आणि मामा मात्र साफ सुटले. लोक तो किस्सा ऐकायला टपून बसले होते. मामा चिडले. "मला कुठं लागलंय? म्या कसा सांगू?" आणि दोघांना टाके पडले असताना दवाखान्यात डबा घेऊन हेच जात होते.

मामांचा तोच मुलगा आखातात एका बंदरावर क्रेन चालवतो. मध्यंतरी तिकडं एका बड्या देशाच्या नेत्यानं युद्ध सुरू केलं आणि मुलाचा फोन लागेनासा झाला. मामी देवापुढून उठेनात. मामा स्टँडजवळच्या हॉटेलात टीव्हीखाली बसून राहू लागले. एका सकाळी तोच नेता पडद्यावर आला, आपणच टाकायला लावलेल्या बॉम्बवर काहीतरी विनोद केला आणि समोरची सुटाबुटातली मंडळी खो-खो हसली. हॉटेलातही दोघं-तिघं हसले.

"ह्याला कुठं लागलंय?" मामांनी विचारलं.

"कुणाला, मामा?" हॉटेलवाला म्हणाला.

"ह्या हसणाऱ्याला. तोंड उघड म्हणावं, दात बघू."

"मोठी माणसं ती. त्यास्नी कसं लागंल?"

"मग हसतंय कशाला? आधी एक तरी पळी खा म्हणावं!"

सगळे हसले. मामा हसले नाहीत. अर्धा चहा तसाच ठेवून ते घरी गेले. मी शेजारच्या बाकावरच होतो; मलाही त्यांच्या मागोमाग जावंसं वाटलं.

मी पोचलो तेव्हाच फोन वाजला. मामांना कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज सगळ्या घराला ऐकू जातो. "अप्पा, मी बोलतोय! हितं रोज दिवाळी हाय बघा, फटाकं बी फुकट. परवा खोलीच्या काचा गेल्या, आता वारं झकास येतंय."

"लागलं का रं?"

"हाताला जरासं. टाकं पडल्यात. बरं झालं, आता भांडी घासाय लावत न्हाईत!"

पोरगा बापाच्या वळणावर गेला होता. मामांच्या कायद्यानं तर त्याला पुरेपूर हक्क होता. मामी आणि मी मामांकडं पाहू लागलो. आता बाप याच्यावर ताण करणार. पण जन्मात एक वाक्य सरळ न बोललेला तो माणूस म्हणाला, "बाळा, तू हसू नगंस. तू घरी ये."

पलीकडं पोरगा रडू लागला, अगदी लहान असल्यासारखा. मामा फोन कानाला घट्ट धरून नुसतं "व्हय, व्हय" म्हणत राहिले.

त्याला अजून रजा मिळालेली नाही. टीव्हीवरचे लोक हसायचे थांबलेले नाहीत. आमच्याकडची लग्नं मात्र हल्ली फारच सुरळीत पार पडतात, आणि खरं सांगतो, मला ते मुळीच सहन होत नाही. परवाच्या लग्नात मीच मामांजवळ जाऊन हळूच म्हणालो, "मामा, काहीतरी लावा की." ते मांडवाच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते, फोन हातात. "थांब रं," म्हणाले, "बँडच्या आवाजात रिंग ऐकू यायची न्हाय."