चाकात घातलेला कापूस

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. वेलांटी पहिली की दुसरी, हे मला अजून कळत नाही, आणि अक्षर तर कोंबडीने उकरल्यासारखं. ही वही कुणाला दाखवायची नाही. तरी कुणाच्या हाती पडलीच, तर त्याने समजून घ्यावं.

काल माळ्यावरून कुरडयांचा डबा काढताना त्यामागे गोणपाटात गुंडाळलेलं चाक दिसलं. गोणपाट सारून मी त्याचं बाजूचं झाकण हलवून पाहिलं. हललं नाही. डबा तसाच राहिला आणि मी वही घेऊन बसले.

आमचे हे आधी लग्नाच्या हॉलच्या दारात अस्वलाचा पोशाख घालून उभे राहायचे. वैशाखात त्या पोशाखातून बाहेर आले की अंगावरून बादलीभर पाणी ओतल्यासारखे दिसायचे. एकदा नाशिकच्या एका मुलाकडे त्यांनी विजेवर चालणारं एकच चाक पाहिलं. मधे चाक, दोन बाजूंना पाय ठेवायला पट्ट्या, सीट नाही, हँडल नाही. पुढे झुकलं की पळतं, मागे झुकलं की थांबतं. ह्यांच्या मनात आलं, फेटा बांधून, दोन्ही हातांत ताट धरून, वरमाला ह्या चाकावरून आणायच्या. मंडपाच्या ठेकेदारालाही ते आवडलं.

चाक वापरलेलं, तरी तीस हजार पडले. ते अक्काने दिले. अक्का म्हणजे ह्यांची मोठी बहीण, नरडाण्याला एकटी राहते, बोलते अहिराणीत. स्वयंपाकघरावरचे पत्रे गळत होते, ते बदलायला तिने ते पैसे साठवले होते.

"एक चाकवर माणूस उभा राहस का रे भाऊ?" तिने विचारलं.

"राहतो अक्का."

"मना पत्रा तुना चाकवर शेतस. ध्यान ठेव."

शिकताना ह्यांना धरायला कुणी नव्हतं, म्हणून मीच. पिंप्राळ्यात आमच्या गल्लीत ह्यांचा हात माझ्या खांद्यावर, आणि मी खाली मान घालून शेजारून चालायची. लग्न झाल्यापासून मी ह्यांच्या इतक्या जवळून कधी चालले नव्हते. समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्या काकू ओरडायच्या, "काय गं, भाऊंना पाय फुटले की नाही अजून?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता वाटतं, अजून चार दिवस उशिरा शिकले असते तरी चाललं असतं.

शिकताना ते चाक कितीदा भिंतीवर आपटलं. त्याने बाजूची दोन्ही झाकणं सैल झाली. स्क्रू जागेवरच गोल फिरायचे, धरायचे नाहीत. चाक पळालं की रिकाम्या डब्यात शेंगा घातल्यासारखा खडखडाट. ठेकेदार म्हणाला, "भाऊ, सनई वाजतेय आणि तुमचा टांगा येतोय."

हे रात्री जेवले नाहीत. मग मी मला सुचलं ते केलं. माझं माहेर धरणगावचं. आमच्याकडे काहीही वाजलं, हललं, सैल झालं की कापूस. पेटीचं झाकण वाजतंय, कापूस. खिडकीची फट, कापूस. गोधडीतला उरलेला कापूस घरात होताच. ह्यांना न सांगता मी झाकणांच्या आत, दिसेल त्या फटीत तो दाबून भरला. सकाळी चाक मांजरासारखं चाललं. हे म्हणाले, "आपोआप बसलं बघ."

तिसऱ्या दिवशी धुळ्याला लग्न. भर दुपारचा मुहूर्त. मी स्वयंपाकाच्या बायकांबरोबर मागे उभी होते. हे फेटा बांधून निघाले, मंडपाला दोन फेऱ्या मारल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या फेरीला चाक शिट्ट्या मारायला लागलं. पायाखालच्या पट्ट्या मागे कलल्या, आणि हे पाठीवर आडवे. ताट एकीकडे, हार पायांखाली.

"अरे, नवरदेव पडायच्या आधी हारवालाच पडला!" कुणीतरी ओरडलं आणि मांडव हसला. नवरीची आई हसली नाही. पडलेले हार गळ्यात कसे घालायचे? माणूस पळवून नवे हार आणवले. ठेकेदाराने त्यांचे पैसे ह्यांच्या पैशांतून कापले आणि म्हणाला, "आणखी एकदा येऊ देतो. पुन्हा पडलात तर अस्वल आहेच."

येताना बसमध्ये हे म्हणाले, "माझाच पाय चुकला." मग फेटा मांडीवर गुंडाळत, "अक्काला काय सांगू?"

घरी येऊन मी झाकण काढलं. कापूस पिवळा पडला होता, मधे तपकिरी, करपल्याचा वास येत होता. तेव्हा पाहिलं, मी ज्या फटी भरल्या त्या हवा जायच्या जाळ्या होत्या. चाक आतून तापून थांबलं होतं. पेटलं असतं तर, असं मनात आलं. तो कापूस तसाच ह्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवला.

ह्यांनी कापूस पाहिला, मला पाहिलं. "तू घातलास?"

मी मान हलवली.

"वैशाखात चाकाला गोधडी पांघरलीस!" असं म्हणून इतके हसले की दुखरी पाठ धरून खाली बसले. मला मात्र रडू आलं.

पण कापूस काढला की खडखडाट परत येणार होता. मग मला वडील आठवले. ते धरणगावच्या बाजारात फुटक्या बादल्या सांधायचे. समोर स्टोव्ह, त्यावर लोखंडी पट्टी तापत ठेवलेली, मी शेजारी पोत्यावर. ते म्हणायचे, "जातीला जात लाव, पोरी, नाहीतर उखडतं." प्लास्टिक कोणत्या जातीचं ते कळायला एक कपची जाळून धूर हुंगायचा. बादलीच्या धुराला मेणबत्तीचा वास येतो. मी झाकणाच्या आतल्या कडेची कपची जाळली. धूर काळा, नाकाला झोंबणारा. घरातल्या एकेक वस्तूची कपची जाळत गेले, तेव्हा तसाच धूर ह्यांच्या तडकलेल्या हेल्मेटचा निघाला.

चाक बंद केलं, बॅटरीकडे बोटही नेलं नाही. झाकणं आणि ज्यात स्क्रू बसतात तो प्लास्टिकचा सांगाडा ह्यांनी उघडून दिला. स्क्रूची भोकं ढिली पडली होती, ती हेल्मेटचे तुकडे वितळवून बुजवली. रात्रभर गार होऊ दिली. सकाळी दाभण तापवून नवी बारीक भोकं पाडली आणि तेच जुने स्क्रू हळूहळू पिळले. जुन्या चपलेच्या रबराच्या चकत्या कापून मधे घातल्या. जाळ्या दात कोरायच्या काडीने एकेक साफ केल्या.

गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आहे. हे त्यावरून सात वेळा गेले. मी दारात कान देऊन उभी. काही वाजलं नाही.

पुढच्या लग्नात मी डोळे मिटूनच घेतले होते. टाळ्या झाल्यावर उघडले, तर हे ताट नवरीपुढे धरून उभे होते, चाकावरच, सरळ.

दोन लग्नसराया ते चाक चाललं. मग ह्यांचे गुडघे कुरकुरायला लागले, आणि चाक माळ्यावर गेलं. पहिल्या वर्षीच्या कमाईतून अक्काच्या स्वयंपाकघरावर अर्धे पत्रे बसले. उरलेले पैसे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी म्हणून आमच्याकडे आली, तेव्हा द्यायचे होते. पानं वाढल्यावर ह्यांनी ते तिच्या हातावर ठेवले आणि इतके दिवस लपवलेली कापसाची गोष्टही सांगून टाकली. मी स्वयंपाकघरात पळाले.

अक्का मागोमाग आली. नोटा तिने पदराच्या टोकात बांधल्या, गाठ दातांनी ओढली.

"आते चाकमा कापूस नही ना व?"

"नाही अक्का."

"मग बठ्ठा भेटनात," ती म्हणाली, म्हणजे सगळे मिळाले, आणि मी वाढलेली पुरणपोळी खायला पुन्हा पानावर जाऊन बसली.